हेल्गोलांडचे आजारी सील

हेल्गोलांडला खरं तर मी एकटीच जाणार होते. २००२ चा उन्हाळा होता. आमच्या डायव्हिंग क्लबातला उवे दर ऑगस्टमध्ये त्या बेटावर जायचा. तिथल्या पाण्याखालच्या शेवाळाची पाहणी करणाऱ्या शास्त्रज्ञांना तो मदत करी. हौस म्हणून तिथे बुडी मारता येत नाही, समुद्र राखीव आहे. पण पाहणीच्या गटात एक जागा रिकामी झाली आणि उवेनं ती मला देऊ केली. "काम शेवाळ मोजायचं," तो म्हणाला, "पण सील आपणहून भेटायला येतात. त्यांना थोपवता येत नाही."

त्याआधी चार वर्षं मी फक्त बोडेनझे तळ्यात बुड्या मारत होते. तिथे गाळ, काळोख आणि फार तर एखादा मासा. सील भेटणार म्हटल्यावर मी ऑफिसात त्याच दिवशी रजा टाकली.

मग निखिल, माझा नवरा, म्हणाला, "अण्णांना घेऊन जा ना."

अण्णा म्हणजे माझे सासरे. मिरजेचे. सरकारी पशुवैद्य म्हणून त्यांची सगळी नोकरी जत-आटपाडीकडच्या दुष्काळी भागात झाली. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि निखिलनं त्यांना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, गेर्लिंगेनला आणलं. इथे ते बाल्कनीत बसून राहायचे. आमचा अथर्व त्यांच्या मराठी प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, ते मान हलवायचे, आणि संभाषण तिथेच संपायचं. निखिलच्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात नवी लाइन सुरू होत होती, त्याला रजा मिळणं शक्य नव्हतं.

"बसून बसून ते आणखी मिटत चाललेत," निखिल म्हणाला. "तुझ्याबरोबर समुद्र तरी बघतील."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण मी आणि अण्णा तासाभराहून जास्त वेळ दोघंच कधी बसलो नव्हतो. मी त्यांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सील म्हणजे सर्कशीत नाकावर चेंडू नाचवतात ते?"

"नाही अण्णा, ते सी-लायन. ते इथे प्राणिसंग्रहालयातच. सील वेगळे. त्यांना बाहेर कान दिसत नाहीत, जमिनीवर पोटावर सरपटतात."

"म्हणजे चेंडू नाही."

"नाही."

"मग येतो," ते म्हणाले.

कुक्सहाफेनहून पुढे

हॅम्बुर्गपर्यंतचा आणि त्यापुढचा रेल्वेप्रवास सांगण्यासारखा नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, अण्णा खिडकीबाहेर बघत होते, मी पुस्तक उघडून बसले होते. कुक्सहाफेनला जहाजात चढलो आणि नदीचं मुख मागे पडल्यावर जहाज डुलायला लागलं. आमच्या कोकणातल्या समुद्राला निदान रंग असतो. हा शिशासारखा. वारा इतका की ऑगस्टमध्ये अण्णांनी कानटोपी घातली.

हेल्गोलांडला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते समुद्रातच थांबतं, लाकडी होड्या येऊन भिडतात, आणि दोन धिप्पाड खलाशी प्रत्येक प्रवाशाला दंडाला धरून अक्षरशः खाली ठेवतात. अण्णांना त्यांनी उचललं तेव्हा कानटोपी उडाली आणि पाण्यात पडली. खलाशी काहीतरी विनोद करून हसले. अण्णाही हसले. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

ते तेवढंच. धक्क्यावर उवे उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की काहीतरी बिघडलंय. त्याच्यामागे नवी पाटी लावलेली होती: किनाऱ्यावर कुत्री नेऊ नयेत, मेलेल्या किंवा आजारी सीलजवळ जाऊ नये.

"साथ आलीये," तो म्हणाला. "डेन्मार्ककडून खाली सरकत आली. अठ्ठ्याऐंशी साली आली होती तीच. मागच्या आठवड्यात इथे पहिले सील किनाऱ्याला लागले."

"म्हणजे पाहणी रद्द?"

"पाहणी होणार. माणसाला ती होत नाही. पण सील जवळ आला तर हात लावायचा नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. म्हणजे, समजलं?"

मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "रोग कुठला?"

मला मराठी शब्द माहीत नव्हता. मी म्हटलं, कुत्र्यांना होतो त्यातलाच, विषाणूचा, फुफ्फुसं जातात.

"डिस्टेंपर," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "गुरांच्या बुळकांडीच्या घराण्यातला." खोलीवर जाताना त्यांची चाल बदलली होती. गोठ्यात शिरणाऱ्या माणसाची चाल.

पहिली बुडी

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल कड्याच्या पायथ्याशी आम्ही पाण्यात उतरलो. कडा उभा कापलेला, वर हजारो पक्षी, त्यांच्या विष्ठेचा उग्र वास पार होडीपर्यंत. खाली गेल्यावर आवाज आणि वास दोन्ही बंद झाले. माणसाच्या उंचीची तपकिरी शेवाळाची झाडं एका दिशेनं वाकत, मग सगळी मिळून दुसऱ्या दिशेला. दहा-बारा फुटांपलीकडे सगळं हिरव्या धुक्यात. उवेनं खडकावर चौकट ठेवली आणि मी मोजायला लागले.

माझ्या पायाला कुणीतरी ओढलं.

मला वाटलं पायातलं फिन शेवाळात अडकलं. मागे वळले तर एक सील माझं फिन तोंडात धरून उलटा तरंगत होता. पोट वर, डोकं खाली, आणि ते मोठे काळे डोळे थेट माझ्या मास्कच्या काचेत. त्याच्या मिशांच्या टोकांना बुडबुडे चिकटलेले होते. त्यानं फिन सोडलं, माझ्याभोवती एक वळसा घेतला, अगदी काही श्रम नसल्यासारखा, आणि पुन्हा समोर येऊन थांबला. मी हात छातीशी घट्ट धरून ठेवले. तो माझ्या बुडबुड्यांकडे बघत होता. एक बुडबुडा त्यानं नाकानं फोडला.

मी पाण्याखाली हसले आणि तोंडात खारं पाणी गेलं. किती वेळ तो होता मला सांगता येणार नाही. नंतर तो शेवाळात शिरला आणि शेवाळ मिटलं.

होडीत चढल्यावर मी बडबडत सुटले. उवे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तो चांगला दिसला. अजून."

त्या संध्याकाळी खानावळीत खेकड्याच्या नांग्या हातोडीनं फोडून खायच्या होत्या, ती इथली खासियत. अण्णांनी उकडलेले बटाटे आणि काकडीची कोशिंबीर मागवली. बटाट्याचा तुकडा तोंडात टाकून ते म्हणाले, "उकडलेत आणि मीठ लावलंय. पुढे यांचा विचार संपला." मग माझ्याकडे वळले. "तुझा सील. नाकातून काही येत होतं?"

"नाही."

"डोळे स्वच्छ? पापण्या चिकटलेल्या?"

"स्वच्छ होते. अहो अण्णा, तो अगदी खेळत होता."

"पाण्यात खाली किती सहज जात होता?"

"दगड टाकावा तसा."

"मग ठीक असेल," ते म्हणाले आणि दुसरा बटाटा घेतला. इतके प्रश्न त्यांनी मला अकरा वर्षांत कधी विचारले नव्हते.

ड्यून

मुख्य बेटासमोर वाळूचं एक छोटं बेट आहे. त्याला ड्यून म्हणतात. सील तिथेच येऊन पडतात. तिसऱ्या दिवशी आमची बुडी त्याच्या जवळच होती, म्हणून अण्णांना मी आधी छोट्या होडीनं पलीकडे नेलं. मी त्यांना बाकावर बसवलं, थर्मास दिला आणि जागा सोडू नका म्हणून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं.

आम्ही खाली काम करत होतो. वर जायची वेळ झाली तेव्हा मी दोरीला धरून हळूहळू वर सरकत होते, आणि डोक्यावर, पाण्याच्या पृष्ठभागावर, मला सीलचं पोट दिसलं. तो खाली यायला बघत होता. डोकं खाली घालायचा, शेपटीचे पंजे जोरात मारायचा, हातभर खाली यायचा, आणि बुचासारखा पुन्हा वर फेकला जायचा. पुन्हा प्रयत्न. पुन्हा वर. त्याची मान विचित्र जाड दिसत होती. जन्मभर ज्या पाण्यात तो शिरत आला होता, ते त्याला आत घेत नव्हतं.

मी थांबायचं तेवढं थांबले. खोलवरून येताना मध्ये थांबावंच लागतं, घाई केली तर आपल्याच रक्तात बुडबुडे होतात. पण त्या थांबण्यात माझं लक्ष दोरीवर राहिलं नाही. हात सुटला, ओहोटीच्या ओढीनं मला बाजूला नेलं, आणि मी पृष्ठभागावर आले तेव्हा होडी बरीच लांब होती आणि सील माझ्यापासून एका हातावर.

तो खोकला. अगदी माणसासारखा. म्हाताऱ्या माणसाचा, सकाळचा, आत काहीतरी सुटत नसल्याचा खोकला. नाकाला पिवळट फेस होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं की नाही ठाऊक नाही, डोळे चिकटलेले होते. तरंगतं काहीतरी सापडलं एवढंच त्याला कळलं असावं. माझ्या तरंगायच्या जाकिटात हवा भरलेली होती. त्यावर त्यानं हनुवटी टेकवली.

"नाईन! नाही!" लांबून उवे ओरडला. "हात लावू नकोस!"

मी दोन्ही हात पाण्याबाहेर वर धरले. त्याच्या श्वासाला कुजका वास होता. त्याचं वजन माझ्या छातीवर होतं, आणि प्रत्येक खोकल्याबरोबर ते वजन हलत होतं. मी काहीतरी बोलत होते. मराठीत. काय ते आठवत नाही, अथर्वला ताप आला की बोलते तसलंच काही असेल. होडीचं इंजिन जवळ आलं तसा तो घसरला आणि ओढीबरोबर ड्यूनच्या दिशेनं वाहत गेला.

उवेनं मला होडीत खेचलं आणि चांगलंच झापलं. दोरी सोडल्याबद्दल, इतकं लांब गेल्याबद्दल. सीलबद्दल तो बोलला नाही. बोलता बोलता तो मध्येच थांबला आणि त्यानं मला टॉवेल दिला.

ड्यूनवर गेले तर अण्णा बाकावर नव्हते. वाळूच्या पार टोकाला, हिरव्या जाकिटातल्या एका उंच, पांढऱ्या दाढीच्या माणसाशेजारी उभे होते. दोघांच्या हातात माझ्या थर्मासमधला चहा. त्या माणसाच्या खांद्याला बंदूक.

त्याचं नाव येन्सेन. त्याच्या हुद्द्याचं जर्मन नाव शब्दशः घेतलं तर सीलचा शिकारी, पण शिकार बंद होऊन जमाना झाला. आता त्याचं काम सील राखायचं. आणि जो वाचणार नाही त्याला संपवायचं. तेवढा अधिकार किनाऱ्यावर फक्त त्याला.

"बरं झालं आलीस," अण्णा म्हणाले. "विचार त्याला, मानेच्या कातडीखाली हवा भरते का? दाबल्यावर कुरकुरते का?"

मी विचारलं. येन्सेननं अण्णांकडे नीट पाहिलं. "अगदी बरोबर," तो म्हणाला. "फुफ्फुस फाटतं, हवा कातडीखाली शिरते. मग बुडता येत नाही. बुडता येत नाही म्हणजे मासा पकडता येत नाही." मग मला विचारलं, "हे डॉक्टर आहेत?"

"जनावरांचे."

"मला वाटलंच. मघापासून हे माझ्या बंदुकीकडे बघत नाहीयेत, सीलच्या बरगड्यांकडे बघतायत."

तेवढ्यात पाण्याच्या कडेला एक सील लागला. लाट मागे गेली तरी तो हलला नाही. माझाच होता का, मला शपथेवर सांगता येणार नाही. मान तशीच जाड होती. येन्सेननं चहाचं झाकण अण्णांच्या हातात परत दिलं आणि लांब उभ्या असलेल्या दोन-चार पर्यटकांना मागे जायला सांगितलं.

"विचार," अण्णा म्हणाले, "मी जवळ येऊ का?"

येन्सेननं खिशातून हातमोज्यांची दुसरी जोडी काढून दिली.

ते दोघं गेले. मी मध्यावर थांबले, बोलणं इकडून तिकडे पोचवण्यापुरती. अण्णा वाळूत उकिडवे बसले. वयाची सत्तरी उलटलेला माणूस, पण बसणं तरुणाचं. हात लावला नाही. नुसते बघत राहिले. सीलची कूस वरखाली होत होती, मध्येच अडकत होती, आणि अडकली की त्याचं सगळं अंग ताणलं जाई. एकदा त्यानं डोकं उचलून अण्णांच्या दिशेला वळवलं. अण्णांनी ओठ मिटून चुचकारल्याचा आवाज काढला. गाईला काढतात तो.

बराच वेळ गेला. येन्सेननं घाई केली नाही.

मग अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग त्याला. थांबण्यात अर्थ नाही म्हणावं."

मी सांगितलं. येन्सेननं मान हलवली. त्याला ते आधीच माहीत होतं, पण मला वाटतं, दुसऱ्या कुणीतरी म्हणायला त्याला हवं होतं. अण्णा उठून दोन पावलं मागे आले आणि तिथेच उभे राहिले. मी तोंड फिरवलं. आवाज वाऱ्यानं अर्धा खाल्ला. वळून पाहिलं तेव्हा कूस थांबली होती आणि अण्णा खाली वाकून मागचे पंजे धरत होते, कारण एकट्या येन्सेनला तो ओढवत नव्हता. दोघांनी मिळून त्याला वाळूच्या वरच्या बाजूला नेलं. तिथे ताडपत्रीखाली आणखी होते. ताडपत्री उचलली तेव्हा मला दिसले.

नंतर आम्ही तिघं बाकावर बसलो. येन्सेन म्हणाला, "अठ्ठ्याऐंशीत मी केलं तेव्हा वाटलं होतं, माझ्या हयातीत परत नको. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार." मग अण्णांकडे हात करून, "यांना विचारा, तुमच्याकडे काय करतात?"

मी विचारलं आणि अण्णा म्हणाले, "बुळकांडीला आमच्याकडे लस होती. गावंच्या गावं टोचली आम्ही. पण लागण झालेली गाय... गाईला मारता येत नाही. कायद्यालाही चालत नाही आणि मालकाचं मनही होत नाही. औषध देतो. पाणी पाजतो. वाट बघतो."

"किती वेळ?"

"जितका लागेल तितका."

येन्सेन बुटाच्या टाचेनं वाळू उकरत राहिला. "कुठलं बरोबर, मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी घरी गेल्यावर माझी बायको रेडिओ मोठा करते. बोलायला नको म्हणून."

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी येन्सेनच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि होडी येईपर्यंत तो तसाच राहू दिला.

परतीचं जहाज

राहिलेल्या बुड्या मी मारल्या नाहीत. उवेनं आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. येन्सेन निरोपाला आला नाही, त्याला सकाळीच ड्यूनवर बोलावलं होतं.

जहाजाच्या मागच्या बाजूला वाऱ्याच्या आडोशाला बसलो. लाल कडा हळूहळू बुटका होत गेला. अण्णांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं सीलबद्दल बोलतायत.

"ती डोळ्यांनी सांगायची," ते म्हणाले.

सासूबाईंना पक्षाघात झाला होता. वाचा गेली, उजवी बाजू गेली, मग गिळणं गेलं. वर्षभर त्या अंथरुणावर होत्या. नाकातून नळी. मी दोनदा जाऊन आले होते, निखिल चारदा.

"शेवटचे दोन महिने तर पाठीला हात लावायची सोय नव्हती," अण्णा म्हणाले. "फुफ्फुसात पाणी झालं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, इथून पुढे फार काही करू नये असं मला वाटतं. मी निखिलला फोन केला."

मला तो फोन आठवत होता. आमच्या गेर्लिंगेनच्या स्वयंपाकघरात निखिल उभा राहून ओरडत होता, काहीही करा, व्हेंटिलेटर लावा, पुण्याला हलवा, सगळं करा.

"केलं सगळं," अण्णा म्हणाले. "त्याचं चुकलं असं नाही म्हणत मी. लांब असलेला मुलगा दुसरं काय म्हणणार? आणि मीही 'नको' म्हणालो नाही. जन्मभर जनावरांच्या बाबतीत 'आता आशा नाही' असं मालकाला समजावत आलो, आणि स्वतःच्या घरात तोंड उघडलं नाही. तेव्हापासून ती माझ्याकडे बघायची बंद झाली. भिंतीकडे बघायची."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. समोरच्या बाकावर एक कुटुंब माशाचे पाव खात होतं, त्यांच्यातली बाई आमच्याकडे बघून पटकन दुसरीकडे बघायला लागली.

"वृषाली," ते म्हणाले, "माझं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे. आमच्या घराण्यात सगळे असेच गेलेत. मला तसं काही झालं आणि बोलता येईना, तर डॉक्टरांना निखिलला विचारू देऊ नकोस. त्याला पुरे म्हणता येणार नाही. तो माझ्यासारखाच आहे. तू सांग डॉक्टरांना."

"अण्णा, मी सून आहे. माझं कोण ऐकणार?"

"तू ऐकायला लाव." मग जरा थांबून म्हणाले, "काल पाण्यात तुझ्या अंगावर तो टेकला होता ते उवेनं मला खुणांनी सांगितलं. तू त्याला ढकललं नाहीस, आणि धरूनही ठेवलं नाहीस. मला तेवढंच हवंय."

मला सांगायचं होतं की मी घाबरले होते, नियम होता, म्हणून हात वर धरले. त्यात शहाणपण काही नव्हतं. पण ते माझ्याकडे बघत होते आणि उत्तराची वाट बघत होते.

मी हो म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये ते मिरजेला परतले. साथ शरद ऋतूपर्यंत चालली, किनाऱ्याकिनाऱ्यानं हजारो सील गेले, वर्तमानपत्रांत फोटो येत राहिले आणि मग येईनासे झाले. निखिल दर रविवारी फोनवर त्यांना गोळ्या घेतल्या का विचारतो. घेतल्या म्हणतात. मग म्हणतात, वृषालीला दे जरा. मी फोन घेते, ते पाऊसपाण्याचं बोलतात, अथर्वची चौकशी करतात, आणि ठेवायच्या आधी विचारतात, "लक्षात आहे ना?"

"आहे," मी म्हणते. निखिल शेजारीच बसलेला असतो. काय लक्षात, ते त्याला मी अजून सांगितलेलं नाही.